माळकरी माणसाला ही हाडाची पावडर चालेल का?

दात काढताना डॉक्टरांनी खड्ड्यात हाडाची पावडर भरायला सुचवलं की बहुतेक जण माझ्याकडे येऊन विचारतात, "याची खरंच गरज आहे का?" एका काकूंना मात्र वेगळीच काळजी होती. वरची, सुळ्यामागची दाढ. रूट कॅनल झालेली, पण मूळ उभं चिरलेलं. पुढे इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात घालायचा स्क्रू, बसवायचं त्यांचं ठरलं होतं. गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "ताई, हाड कुणाचं असतं हो?"

"आई, डॉक्टरांना कळतं ना!" मुलगा म्हणाला. मी त्याला थांबवलं. तोंडात काय भरणार हे विचारणं हा पेशंटचा हक्कच आहे.

ही पावडर गाईगुरांच्या प्रक्रिया केलेल्या हाडाची असू शकते, दान केलेल्या मानवी हाडाची असू शकते, किंवा पूर्ण कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटची. काकूंना कृत्रिम चालणार होती. पण प्रश्न तिथे संपत नाही. वरून जो पातळ पडदा लावतात तो बहुधा कोलॅजनचा, म्हणजे प्राण्यापासून काढलेला असतो, आणि हे आपणहून सांगायचं अनेकदा राहून जातं. डॉक्टरांशी बोलून त्याऐवजी काकूंच्याच रक्तापासून बनवलेला पीआरएफचा थर वापरायचं ठरलं. खोक्यावरचं लेबल मी त्यांच्यासमोर वाचून दाखवलं.

मग त्यांनी पावडरची गरजच काय, ते विचारलं. दाताच्या बाहेरच्या बाजूची हाडाची भिंत पुष्कळदा एक मिलिमीटरही जाड नसते. तिचं बरंचसं पोषण मुळाभोवतीच्या तंतूंतून येतं. दात गेला की ते तुटतं आणि भिंत विरघळू लागते. सहा महिन्यांत त्या जागी जबड्याच्या कडेची रुंदी सरासरी साडेतीन-चार मिलिमीटरनी घटते, म्हणजे जवळपास एका इम्प्लांटच्या जाडीएवढी. उंची त्या मानाने कमी जाते. पावडर ही झीज कमी करते, पूर्ण थांबवत नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण "हाड जसंच्या तसं राहील" असं ऐकून आलेली माणसं नंतर खचतात. आणि ज्यांना इम्प्लांट करायचंच नाही, त्यांनी केवळ भीतीपोटी हा खर्च करू नये.

काकू मिशरी लावत. ती जखम भरेपर्यंत तरी बंद, शक्यतो कायमची, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मधुमेहाचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्टही मागवला. चार महिन्यांनी स्कॅन केला तेव्हा कड थोडी बसली होती, पण इम्प्लांटपुरतं हाड होतं.

त्या दिवशी मुलाने स्वतःच्या दोन वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेची जागा दाखवली. "माझं काय?" हाड नंतरही वाढवता येतं, पण ती शस्त्रक्रिया मोठी असते आणि थांबावंही जास्त लागतं. आधी स्कॅन करून किती उरलंय ते बघू म्हटलं. त्याने पुढच्या आठवड्याची वेळ घेतली.