तुम्ही विचारा : सून ग्वांगचौची, मग नवरदेवाने घालायचं काय?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षं हाँगकाँगला आहे, त्याचं लग्न ठरलंय, मुलगी तिथलीच, आई-वडील मूळचे ग्वांगचौचे. एक लग्न इथे आपल्या पद्धतीने आणि एक तिकडे त्यांच्या पद्धतीने असं ठरलंय. तिकडच्या लग्नासाठी पारंपरिक चायनीज ड्रेस घ्यायचाय म्हणून मी नेटवर बघायला बसले तर दहा प्रकार निघाले, सगळे लाल, सगळ्यांवर ड्रॅगन, आणि एकाच्या काठावर तर चक्क वटवाघळं! मुलगा म्हणतो आई कुठलाही चालेल. खरंच कुठलाही चालतो का? आणि आमचं मंगळसूत्र, हिरवा चुडा, फेटा यातलं तिथे काय चालेल?
— एक वरमाई, डोंबिवली

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे मुलाचं ऐकू नका, मुलांना सगळंच चालतं. दुसरं, "पारंपरिक चायनीज" असा एक ड्रेस नसतोच. उद्या कुणी तुम्हाला विचारलं की इंडियन ब्राइडल साडी कुठली, तर तुम्ही आधी विचाराल ना की बाई तुझी माणसं कुठली, नऊवारी की कांजीवरम की बनारसी? तिथेही तसंच आहे. तुमच्या व्याह्यांचं घर ग्वांगचौचं म्हणजे कॅन्टोनीज, दक्षिण चीनमधल्या त्या भागातली माणसं, तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक क्वान-क्वा असणार. क्वा म्हणजे वरचं जाकीट, क्वान म्हणजे खालचा घागरा. पुढून सरळ बटणं, कट सरळसोट, आणि अंगभर सोन्या-चांदीच्या जरीचं उठावदार भरतकाम, ड्रॅगन नवऱ्याचा आणि फिनिक्स नवरीचा.

आता गंमत ऐका, क्वा-ची प्रत ठरते ती कापड किती दिसतंय त्यावरून. सगळ्यात साधी प्रत "छोटे पंचसुख", तिच्यात भरतकामाच्या मधून लाल कापड भरपूर दिसतं, मग मधले पंचसुख, मोठे पंचसुख, त्यावर "क्वा राणी" आणि सगळ्यात वर "क्वा राजा", ज्याच्यात कापड जवळपास दिसतच नाही, नुसती जर. हाताने भरलेला राजा तयार व्हायला महिनोन्महिने जातात आणि किंमत ऐकून आपण पैठणीवाल्याची माफी मागू. म्हणून हाँगकाँगमधल्या बऱ्याच मुली तो भाड्याने घेतात आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नाही. आणि ती वटवाघळं तिथे मुद्दाम भरलेली असतात हो. चिनी भाषेत वटवाघूळ पण "फू" आणि सुख-समृद्धी पण "फू", आणि पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं, वर जी पंचसुखं सांगितली ती हीच. आपल्याकडे लग्नात वटवाघूळ दिसलं तर भटजी पळतील, पण तिथे ते काठावर हवंच.

नेटवर तुम्हाला जो दुसरा प्रकार सारखा दिसला असणार, तिरका गळा, रुंद बाह्या, घेरदार घागरा, रेशमी धाग्याची सपाट फुलं, तो शिऊह-फू (हा "फू" वेगळा, म्हणजे कपडे). हा दिसतो फार गोड आणि कुठल्याही अंगाला बसतो, थोडं पोट असलं तरी झाकतं. पण हे नाव काही शेकडो वर्षं जुनं नाही बरं का, २००० नंतर आलेल्या एका टीव्ही मालिकेतल्या नायिकेचं नाव शिऊह होतं, तिच्या कपड्यांवरून ते पडलं. डिझाइन छिंग या चीनच्या शेवटच्या राजवटीच्या अखेरच्या काळातल्या कपड्यांवरून उचललेलं, पण फॅशन आपल्या डोळ्यांदेखतची. म्हणून वाईट आहे असं नाही, फक्त व्याह्यांच्या आजीला "हे तुमचं हजार वर्षांचं" असं सांगायला जाऊ नका. अंगासरशी छिपाव, ज्याला हाँगकाँगला चाँगसाम म्हणतात, तो १९२० च्या दशकातला, शांघायचा. तो रात्रीच्या जेवणावळीत टेबलाटेबलाने फिरताना मस्त, पण चहाच्या विधीला नको.

कारण ताई, खरा प्रश्न चहाचा आहे. नवरा-नवरी गुडघ्यावर बसून एकेका वडीलधाऱ्याला दोन्ही हातांनी चहाचा कप देतात, मग ते लाल पाकीट देतात, मुलीच्या हातात सोन्याच्या ड्रॅगन-फिनिक्स बांगड्या चढवतात, असं किमान दहा-बारा वेळा उठबस. तेव्हा सूनबाईला सांगा की ट्रायल रूममध्ये नुसतं आरशासमोर उभं राहून फोटो काढू नकोस, पाच वेळा खाली बस आणि दोन्ही हात पुढे कर. मी हाँगकाँगला असताना मैत्रिणीबरोबर ट्रायलला गेले होते, तिला क्वा राणी इतका आवडला होता की डोळ्यात पाणी, आणि गुडघ्यावर बसली तर जरीची कॉलर सरळ हनुवटीत घुसली. शेवटी एक साइज मोठा घेऊन मागून चापून आणला. आणि क्वा-ला खिसा नसतो, जुन्या बायका म्हणतात खिसा असला तर मुलगी माहेरची लक्ष्मी त्यात घालून नेते, म्हणजे मोबाइल करवलीकडेच. परफ्यूम कपडे घालायच्या आधी मारायचा, जर काळी पडते, हे पैठणीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता तुमचा मुलगा. त्याने नवरीच्या जोडीचंच घालायचं. तिचा क्वा तर त्याचा लांब झगा आणि वर मा-ग्वा म्हणजे छोटं जाकीट, त्यावर गोल ड्रॅगन. तिचा शिऊह-फू असेल तर त्याच सेटमधला पुरुषांचा झगा मिळतो. आणि अगदी हौस म्हणून छिंगच्या आधीच्या मिंग राजवटीच्या काळातला हानफू, म्हणजे हान चिनी लोकांचा जुना पोशाख, काढलाच तर त्याला गोल गळ्याचा लाल अंगरखा आणि दोन्ही बाजूंना पंख असलेली काळी टोपी, कारण जुन्या काळी साध्या माणसालाही लग्नाच्या एका दिवसापुरता सरकारी अधिकाऱ्यासारखा पोशाख घालायची सूट होती, अजूनही नवरदेवाला "शिनलांग-ग्वान" म्हणतात त्यातला "ग्वान" म्हणजे अधिकारी. फक्त तिचा क्वा आणि त्याचा मिंग अंगरखा अशी खिचडी नको, एक नऊवारीत आणि एक सफारीत उभा राहिल्यासारखं दिसतं. मुलगा उंच असेल तर ऑनलाइन मागवताना साइज चार्टमधली झग्याची लांबी आधी बघा, नाहीतर पोटऱ्या दिसतील.

आपल्या वस्तूंचं म्हणाल तर हिरवा चुडा खुशाल घालू दे, मिंगच्याही आधी, थांग राजवटीच्या काळात नवरा लाल आणि नवरी हिरव्यात असायची म्हणे, तेव्हा रंगाला दोष नाही. पण त्यावर ती जाडजूड सोन्याची बांगडी चढताना काच फुटेल, म्हणून चहाच्या वेळी चुडा एकाच हातात ठेवा. लग्नात काळं तिथे नको असतं, म्हणून मंगळसूत्राचे काळे मणी आधीच व्याह्यांना समजावून सांगा. फेटा मात्र हिरवा अजिबात नको! चिनी भाषेत पुरुषाच्या डोक्यावर हिरवी टोपी म्हणजे त्याची बायको त्याला फसवतेय, आणि अख्खी जेवणावळ तोंडावर हात ठेवून हसेल. लाल नाहीतर केशरी बांधा.

आणि तुम्ही न विचारलेलं एक. मोगऱ्याचा गजरा. मी तिथे पहिल्या लग्नाला हौसेने गजरा माळून गेले, नवरीच्या मावशीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरात कुणी गेलं का? केसात पांढरं फूल म्हणजे तिकडे सुतक. तुमच्याकडच्या सगळ्या मावश्या-काकवांना विमानात बसायच्या आधी सांगून ठेवा, अबोली नाहीतर लाल गुलाब चालेल.

प्रश्न : सिंगापूरच्या चायनीज मैत्रिणीच्या लग्नाला चाललेय. माझी लाल पैठणी नेसू का? आणि आहेर किती?
— नागपूरहून

उत्तर : अगं लाल तिचा रंग, तो तिला राहू दे. पांढरी आणि काळी पण नको. गुलाबी, आंबा, मोरपंखी, काहीही नेस, पैठणी बघून तिच्या सगळ्या आत्या तुझ्याभोवती जमतीलच. आहेर लाल पाकिटात, कोऱ्या नोटा, आकडा सम हवा, आठ असला तर उत्तम, चार अजिबात नको कारण तो उच्चार मरणासारखा लागतो. आणि सवयीने एकशे एक, पाचशे एक घालू नकोस, वरचा एक घरी ठेव.