'इलियड'मध्ये ट्रॉयचा लाकडी घोडा कुठल्या सर्गात येतो?

कुठल्याच नाही. होमरचं 'इलियड' हे ट्रॉयच्या युद्धावरचं ग्रीक महाकाव्य ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरच्या अंत्यविधीपाशी संपतं. तेव्हा ट्रॉय शाबूत असतं, ग्रीक वीर अकिलीसही जिवंत असतो. पोटात ग्रीक सैनिक लपवलेला हा घोडा येतो होमरच्याच 'ओडिसी'त, तोही ओझरता: चौथ्या, आठव्या आणि अकराव्या सर्गात. आठव्यात तर काव्याचा नायक ओडिसियस स्वतःच गायकाला ती कथा गायला सांगतो आणि ऐकताना रडतो. ट्रॉयचा पुरोहित लाओकोऑनने घोड्याबद्दल दिलेला इशारा, त्याला विळखा घालणारे साप, घोडा आत घ्यायला लावणारा थापाड्या ग्रीक सायनॉन ही आपल्या ओळखीची साग्रसंगीत हकिगत मात्र रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड'च्या दुसऱ्या सर्गातली. म्हणून घोडा व्हर्जिलच्या डोक्यातून निघाला असं नाही. मिकोनोस बेटावर सापडलेल्या इ.स.पू. सातव्या शतकातल्या रांजणावर चाकांचा घोडा आणि त्याच्या पोटातून डोकावणारे सैनिक स्पष्ट दिसतात.