आई रत्नागिरीत असते, स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन ही गोळी सुरू झालीय. गोळी लागू पडेल का हे कळायला मुंबईला नेऊन जनुकीय चाचणी करावी का?

नुसत्या या चाचणीसाठी आईंना एवढा प्रवास घडवू नका. टॅमॉक्सिफेनपासून यकृतात एंडॉक्सिफेन बनतं, खरं काम मुख्यतः तेच करतं. ते बनवणारं सीवायपी२डी६ हे एन्झाइम काहींच्यात जनुकामुळेच मंद असतं. पण त्यांचा कॅन्सर जास्त उलटतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. म्हणून ही चाचणी सरसकट सांगत नाहीत.

त्यापेक्षा आईंच्या गोळ्यांची पिशवी आजच उघडून बघा. नैराश्यावरची पॅरॉक्सेटीन किंवा फ्लुओक्सेटीन दिसली तर लगेच डॉक्टरांना सांगा, त्या हेच एन्झाइम अडवतात. मात्र आपल्या मनाने काहीच बंद करू नका. आणि गणपतीच्या धावपळीतही टॅमॉक्सिफेन चुकू देऊ नका, गोळ्या बुडाल्या तर नुकसान नक्की होतं.