पुण्यात दूरदर्शनच्या मराठी बातम्या कधीपासून दिसू लागल्या?

1973 पासून, सिंहगडावरचं सहक्षेपण केंद्र (मुंबईचं प्रक्षेपण घेऊन पुढे पाठवणारं केंद्र) सुरू झाल्यावर. मुंबईचं वरळी इथलं केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं होतं, पण टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि मध्ये सह्याद्री आडवा येतो, म्हणून पुण्याला वरळीचं प्रक्षेपण थेट मिळणं शक्य नव्हतं. सिंहगड सुमारे 1,300 मीटर उंच असल्याने तिथून शहर आणि आजूबाजूचे तालुके आवाक्यात आले. गच्चीवरचा अँटेना नैर्ऋत्येला, गडाकडे वळवावा लागे. टेकडीआडच्या घरांत परावर्तित लहरींमुळे चित्राला जोडसावली पडे. मात्र हे केवळ सहक्षेपण होतं: स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे बातम्या वाचत ते मुंबईच्या स्टुडिओतूनच. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव 2000 साली मिळालं.