नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळात, म्हणजे आगमनकाळात, नुसती वाट पाहायची, की काही करायचंही असतं?

करायचं असतंच, आणि मला या काळात तेच सर्वात मोलाचं वाटतं.

१८३९ साली हँबर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न निराधार मुलांचं वसतिगृह चालवत होते. ‘नाताळ कधी?’ असं मुलं सारखी विचारायची. विखर्न यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान लाल. रोज एक जास्त पेटायची. आगमनकाळात दर रविवारी एक-एक पेटवतात ते आजचं चार मेणबत्त्यांचं चक्र त्यातूनच आलं. मुलांची अधीरता त्यांनी दडपली नाही, तिलाच हाताशी धरून नवं काही घडवलं. श्रद्धा मला अशीच कळते.

या दिवसांत वाचला जाणारा बायबलमधला यशया संदेष्टाही तोडलेल्या बुंध्याला धुमारा फुटेल, असंच सांगतो. (सगळं संपलंय असं वाटत असेल, तर त्याचा अकरावा अध्याय जरूर वाचा.)

तेव्हा सुचेल ते करा. दुरावलेल्या माणसाला पत्र लिहा, एखाद्या स्तोत्राला चाल लावा, गव्हाणी (येशूजन्माचा देखावा) विकत न आणता घरच्या मुलांसोबत बनवा. श्रद्धा डळमळीत असली तरी हरकत नाही, हात चालू लागले की मनही हळूहळू मागे येतं. आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या आसपास असतो, गव्हाणीचं सामान त्याआधीच जमवून ठेवा.