मुलं आधी तुझ्या चेहऱ्याकडे बघतात गं

अगं, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला पण तिथे दोन ओळींत उत्तर देऊन संपेल असा हा विषय नाहीये, म्हणून सावकाश बसून लिहितेय.

बालवाडीतल्या मुलांना बाहेर मोकळ्यावर खेळायला न्यायला मन धजत नाही म्हणालीस. कुणी पडलं तर, कपडे मळले तर, पालक विचारतील आज शिकवलं काय. आणि अगदी शेवटी हळूच लिहिलंयस की मला स्वतःलाच माती, किडे नको वाटतात. मला तर ते शेवटचं वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट सांगते. पाऊस नुकताच थांबला होता, चार वर्षांची एक मुलगी तळहातावर गांडूळ घेऊन माझ्याकडे आली, हात अगदी सपाट धरलेला, काठोकाठ भरलेली वाटी आणावी तशी एकेक पाऊल जपून टाकत. मी "शी" सुद्धा म्हटलं नाही, फक्त तोंड वाकडं झालं आणि अर्धं पाऊल मागे सरकले. तिने माझ्याकडे बघितलं, मग गांडुळाकडे, आणि हात झटकला. नंतर कितीतरी वेळ फ्रॉकला हात पुसत होती. वर्षभर ती पोर चिखलाजवळ फिरकली नाही, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

१९८५ सालचा एक प्रयोग आहे. टेबलावर काच, आणि काचेखाली अर्ध्या भागात साधारण ३० सेंटीमीटर खोल खड्डा दिसतो. वर्षाची बाळं रांगत त्या कडेला येऊन थबकायची आणि समोरच्या आईचा चेहरा बघायची. आई हसतेय तेव्हा १९ पैकी १४ बाळं पलीकडे गेली, आईच्या चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही नाही गेलं. तुझी मुलं मोठी आहेत, बोलतात, तरी ओंडक्यावर चढताना पहिली नजर तुझ्याकडेच येते, उद्या मुद्दाम बघ.

म्हणून किडे आवडल्याचं नाटक करू नकोस, मुलांना ते लगेच कळतं. खाली वाक, नीट बघ आणि खरं सांग, "मला हातात घ्यायला नको वाटतं, पण तू धर, मी बघते." मी पुढे हेच करायला लागले. आणि "सांभाळून, पडशील" असं सारखं ओरडण्यापेक्षा "आता दुसरा पाय कुठे ठेवणार?" असं विचार. "पडशील" ऐकलं की मूल तुझ्याकडे बघतं, पायाचं विचारलं की पायाकडे बघतं, आणि चढताना नजर तिथेच हवी ना.

पडण्याच्या भीतीचं म्हणशील तर दोन गोष्टी वेगळ्या धर. फुटकी काच, गंजलेला खिळा, हलणारी फळी, गांधीलमाशांचं पोळं, उघडं पाणी, हे मुलांना ओळखता येत नाही, ते रोज आधी जाऊन तपासायचं काम तुझं, त्यात कधीच कसूर नको. ओंडका किती उंच आहे हे मात्र त्याला दिसतं, ते त्याला ठरवू दे, तू हात पोचेल एवढ्या अंतरावर थांब. जाताना, मध्ये आणि येताना डोकी मोज.

कपड्यांचं पालकांशी पहिल्या चिखलाच्या आधी बोलून घे, नंतर नाही. जुने कपडे घाला, एक जोड जास्तीचा द्या, बस.

आणि "शिकवलं काय" विचारलं तर बिचकू नकोस. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय की तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० तरी दम लागेल अशी. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं, तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं धूसर दिसायला लागलं होतं, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. आणि बालवाडी सुरू करणाऱ्या जर्मन फ्रोबेलने १८४० मध्ये किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं त्यातच बाग आहे, त्याच्या बागेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा असायचा. बाहेरचा वेळ म्हणजे मधली सुट्टी असं आपणच मानतो, म्हणून आपण दाराशी फोन घेऊन उभ्या राहतो, मग पालकांनी तरी तो तास का मानावा?

सुरुवात छोटी कर. रोज पंधरा मिनिटं, एकच झाड, तीच जागा. जागा बदलली नाही की मुलांना बदल दिसायला लागतात, काल नव्हतं ते छिद्र, मुंग्यांची वळलेली रांग. आणि तू उभी राहू नकोस, सगळी नजरेत राहतील अशी जागा बघून खाली मातीत बस, मुलं आपोआप हातात काहीतरी घेऊन तुझ्याकडे येतात.

पहिल्या दिवशी कुणी काय आणून दाखवलं ते मला कळव.