'एक्लिप्टिका'बद्दल इतके मतभेद का?

सोनाटा आर्क्टिका या फिनलंडच्या बँडचा 'एक्लिप्टिका' हा पहिला अल्बम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पॉवर मेटल, म्हणजे हेवी मेटलची वेगवान आणि सुरेल शैली, नव्याने ऐकू लागलेल्यांनी तो आधी ऐकावा, असे या सदरात लिहिल्यावर आलेल्या पत्रांत कौतुक आणि नाराजी जवळपास सारख्याच जोराने व्यक्त झाली आहे. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रे मी एकत्र केली आहेत.

प्रश्न : हा अल्बम म्हणजे स्ट्रॅटोव्हेरियस या फिनलंडच्याच जुन्या बँडची उघड नक्कल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या बँडला स्वतःची शैली सापडलेली नव्हती, त्याच्या पहिल्याच अल्बमला श्रोते इतके डोक्यावर का घेतात?

उत्तर : हा आरोप अल्बमइतकाच जुना आहे आणि तो खोटा नाही. अखंड धावणारे ड्रम, गिटार आणि कीबोर्ड यांच्या एकमेकांशी चढाओढ करणाऱ्या जलद ताना, त्यांवर तरंगणारा उंच आणि स्वच्छ पुरुषी आवाज, ही सगळी मांडणी स्ट्रॅटोव्हेरियसने 'एपिसोड' (१९९६) आणि 'व्हिजन्स' (१९९७) या अल्बमांत पक्की केली होती. केमी या उत्तर फिनलंडमधल्या छोट्या बंदराच्या गावातले हे तरुण आधी वेगळ्या नावाने आणि वेगळ्या धाटणीचे संगीत वाजवत होते. गायक टोनी काक्को याने आपल्यावरचा स्ट्रॅटोव्हेरियसचा प्रभाव कधी लपवलेला नाही.

मात्र नक्कल कोठे संपते, हे पाहण्याचे कष्ट या आरोपात घेतलेले दिसत नाहीत. 'एक्लिप्टिका'मधली गाणी काक्कोनेच लिहिली आणि स्वरबद्ध केली, आणि त्या गाण्यांत बोलणारी व्यक्ती जवळजवळ नेहमी कोणीतरी विशिष्ट माणूस असते. 'रेप्लिका' हे गाणे घ्या. युद्ध जिंकून परतलेला एक माणूस घराच्या दाराशी उभा आहे, आणि आपण गेलो तेव्हाचेच राहिलो आहोत की आपली केवळ प्रतिकृती परत आली आहे, हे त्याचे त्यालाच उमगलेले नाही. गाण्याची लय मध्यम आहे आणि गिटारची करामत जवळपास बाजूला ठेवलेली आहे. स्ट्रॅटोव्हेरियसच्या त्या काळातल्या गाण्यांत आशा, धैर्य, नियती अशा मोठ्या शब्दांना जे स्थान आहे, ते इथे एका अवघडलेल्या माणसाला मिळाले आहे. चाल उसनी असेल, पण निवेदक उसना नाही, आणि पुढे या बँडची जी ओळख झाली ती याच निवेदकामुळे झाली.

शिवाय पहिल्या अल्बममध्ये उसनवारी नसावी ही अपेक्षाच मला थोडी अन्यायाची वाटते. ब्लाइंड गार्डियन या जर्मन बँडच्या 'बटालियन्स ऑफ फिअर' या पहिल्या अल्बमवर (१९८८) हेलोवीन या आधीच्या जर्मन बँडची छाया स्पष्ट आहे. ज्या भव्य समूहगायनासाठी तो बँड आज ओळखला जातो, ते घडायला त्याला आणखी काही अल्बम लागले.

प्रश्न : ड्रमचा आवाज मला टाइपरायटरसारखा वाटतो. इतक्या वेगाने माणूस खरोखर वाजवू शकतो का, की हे यंत्राचे काम आहे? आणि तसे असेल, तर ड्रमवादकाचे कौतुक करणाऱ्यांची मते कितपत गंभीरपणे घ्यावीत?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर थोडे हिशोबाने द्यावे लागेल. या शैलीत दोन पायांनी दोन पेडल आलटून पालटून मारून बास ड्रम वाजवतात आणि मिनिटाला सुमारे २०० मात्रांची लय काही दुर्मीळ नाही. प्रत्येक मात्रेत चार ठोके धरले, तर सेकंदाला तेरापेक्षा थोडे जास्त ठोके होतात, म्हणजे एका पायाच्या वाट्याला साडेसहा ते सात. हे अवघड आहे, पण अनेक वर्षांच्या सरावाने साधते, आणि रंगमंचावर ते करणारे वादक पुष्कळ आहेत.

आता टाइपरायटरबद्दल. तेरा ठोक्यांच्या हिशोबाने दोन ठोक्यांमध्ये सुमारे ७५ मिलिसेकंदांचे अंतर उरते. बास ड्रमचा खालचा घुमारा त्याहून जास्त काळ टिकला, तर एका ठोक्याची शेपटी दुसऱ्यावर पडते आणि ऐकणाऱ्याला सुटे ठोके न ऐकू येता नुसती घरघर ऐकू येते. म्हणून ध्वनिमुद्रण करणारा घुमारा कापतो आणि पेडलचा दांडा चामड्यावर आपटतो त्या क्षणाचा 'टक्' असा वरचा आवाज पुढे आणतो. अनेक अल्बमांत तर ड्रमला संवेदक लावून प्रत्येक ठोक्याच्या जागी आधीच मुद्रित केलेला एकसारखा आवाज बसवतात. त्या वेळी वेग वादकाचा असतो आणि नाद दुसऱ्याचा. आपण मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकत असाल, तर उरलासुरला घुमाराही गळून जातो आणि शिल्लक राहतो तो फक्त 'टक्'. ऐकण्याचे साधन न सांगता ध्वनिमुद्रणाविषयी दिलेले मत मी तरी अर्धेच मानतो.

कौतुकाबद्दल एक सावधगिरीची सूचना मात्र करावीशी वाटते. पहिल्या अल्बमवर वाजवणारा वादक बँडचाच असतो, असे गृहीत धरू नये. ब्राझीलच्या आंग्रा या बँडचा पहिला अल्बम 'एंजल्स क्राय' (१९९३) जर्मनीत हॅम्बुर्गला ध्वनिमुद्रित झाला, आणि त्यातल्या बहुतेक गाण्यांत ड्रम वाजवले ते अ‍ॅलेक्स होल्झवार्थ या पाहुण्या जर्मन वादकाने. त्या अल्बमवरील 'ब्राझिलियन तालज्ञाना'ची स्तुती वाचली की मला दर वेळी हसू येते.

प्रश्न : या शैलीतले गायक सतत टिपेला गातात. अर्ध्या तासाने माझे कान थकतात. हा अल्बमचा दोष समजावा की माझ्या आवडीचा?

उत्तर : आपला थकवा खरा आहे आणि त्यासाठी आवडीला दोष देण्याचे कारण नाही. सगळी गाणी एकाच उंचीवर राहिली, तर उंचीला अर्थ उरत नाही. 'एक्लिप्टिका'त ही अडचण काही ठिकाणी जाणवते, कारण तिथे एकामागून एक वेगवान गाणी येतात आणि काक्को त्या वेळी विशीतला असल्याने आवाज राखून ठेवण्याची त्याला गरजच वाटलेली नाही.

तरीही ऐकताना एक प्रयोग करून पाहावा. गायक छातीतल्या आवाजातून वरच्या हलक्या आवाजात जातो, तो सांधा कुठे आहे ते शोधावे. ज्यांचा सांधा ऐकू येत नाही ते गायक फार थोडे, आणि काक्को त्यांच्यापैकी नाही. त्याचा सांधा ऐकू येतो, काही ठिकाणी आवाज किंचित चिरतो. टीका करणारे यालाच कच्चेपणा म्हणतात, तर चाहत्यांना नेमके हेच भावते. दोघेही एकच गोष्ट ऐकत आहेत, हे त्यांच्या वादात कोणी बोलून दाखवत नाही. 'लेटर टू डाना' हे संथ गाणे आधी ऐकावे. त्यात आवाज बराच वेळ मधल्या पट्टीत राहतो आणि मग वर जातो, त्यामुळे वर जाण्याचे कारण कळते.

गायकावरून पहिला अल्बम तोलण्यातली आणखी एक गंमत म्हणजे, या शैलीतल्या अनेक बँडांच्या पहिल्या अल्बमवर नंतर प्रसिद्ध झालेला गायक नसतोच. हेलोवीनच्या 'वॉल्स ऑफ जेरिको'वर (१९८५) गिटारवादक काई हान्सेन स्वतः गायला. मिखाएल किस्के विशीही न गाठलेला असताना नंतर आला आणि १९८७ च्या अल्बमपासून ऐकू येऊ लागला. स्ट्रॅटोव्हेरियसच्या 'फ्राइट नाइट'वर (१९८९) गिटारवादक टिमो टोल्की गातो, नंतरचा गायक कोटिपेल्टो १९९४ मध्ये आला. कॅमेलॉट या अमेरिकन बँडमध्ये गायक रॉय खान १९९८ मध्ये दाखल झाला, तेव्हा बँडचे अल्बम निघू लागून तीन वर्षे झाली होती. त्यामुळे 'पहिला अल्बम फसला' असे मत वाचताना मी आधी गायक कोण होता हे पाहतो. पुष्कळदा श्रोत्याला अल्बम नव्हे, तर नंतरचा गायक तिथे नसणे खटकलेले असते.

प्रश्न : ड्रॅगन, तलवारी, राजपुत्र. मोठी माणसे हे शब्द कसे सहन करतात?

उत्तर : 'एक्लिप्टिका'विषयी ही तक्रार करणाऱ्याने बहुधा शब्द ऐकलेले नाहीत, मुखपृष्ठ आणि शैलीचे नाव पाहूनच ती केली आहे. पहिलेच गाणे 'ब्लँक फाइल' माणसाची खासगी माहिती संगणकांत साठत जाण्याच्या भीतीबद्दल आहे, आणि ते १९९९ सालचे आहे. 'फुलमून'मध्ये पौर्णिमेला पशू होणारा माणूस आहे खरा, परंतु गाण्याचा भर त्याच्या दातांवर नाही, तर घरातल्यांना आपल्यापासून वाचवण्याच्या त्याच्या धडपडीवर आहे.

आपल्या तक्रारीला खरे लक्ष्य हवेच असेल, तर इटलीतल्या ट्रिएस्टेच्या रॅप्सडी या बँडचा 'लेजंडरी टेल्स' (१९९७) पाहावा. तिथे काल्पनिक भूमी, जादूची तलवार आणि अनेक अल्बमांत चालणारी कथा असा सगळा सरंजाम आहे, आणि तो बँड त्याबद्दल जराही लाजत नाही. मला तो निर्लज्जपणा आवडतो, हे मी कबूल करतो.

काही पत्रांतली काक्कोच्या इंग्रजीबद्दलची तक्रार मात्र वेगळी आणि रास्त आहे. वाक्ये अडखळतात आणि काही ठिकाणी अर्थ यमकासाठी बळी जातो. परक्या भाषेत लिहिणाऱ्या तरुणाची ही भाषा आहे, आणि नंतरच्या अल्बमांत ती पुष्कळ सुधारली आहे.

प्रश्न : २०१४ मध्ये हाच अल्बम बँडने पुन्हा ध्वनिमुद्रित केला. कोणता ऐकावा?

उत्तर : जुना. नवा पंधराव्या वर्षानिमित्त काढलेला आहे, वादन त्यात अधिक सफाईदार आहे आणि तरुणपणीच्या उंच स्वरांचा हट्ट तिथे दिसत नाही. परंतु तो ऐकण्यातली मजा जुना पाठ असेल तरच येते.

प्रश्न : बँडचे पुढचे अल्बम न आवडल्यामुळे तर जुने चाहते पहिल्या अल्बमला अवाजवी मोठेपणा देत नाहीत ना? मला तो ठीक वाटला, महान नव्हे.

उत्तर : या पत्रांतला हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. २००७ मध्ये बँडने 'यूनिया' प्रसिद्ध केला आणि वेगवान पॉवर मेटल बरेचसे सोडून दिले. लय मंदावली, रचना वळणावळणाच्या झाल्या, सहज गुणगुणता येईल असे ध्रुवपद शोधावे लागू लागले. चाहत्यांत तेव्हा जी फूट पडली ती अजून भरलेली नाही. त्यानंतर ज्यांनी 'एक्लिप्टिका'चे कौतुक केले, त्यांच्या कौतुकात 'यूनिया'वरचा राग मिसळलेला आहे हे नाकारता येत नाही. पहिल्या अल्बमची बाजू घेणे म्हणजे बँडने वाट बदलू नये अशी मागणी करणे, असा त्याचा अर्थ होऊन बसला.

म्हणून मत वाचताना ते कोणत्या साली दिलेले आहे हे पाहण्याची सवय लावावी. अल्बम नवा असताना श्रोता त्याची तुलना स्ट्रॅटोव्हेरियसशी करत होता, आणि तिथे 'एक्लिप्टिका' उसना ठरत होता. २००७ नंतर तुलना याच बँडच्या पुढच्या कामाशी होऊ लागली आणि तोच अल्बम एकाएकी 'अस्सल' झाला. ध्वनिमुद्रण मात्र एका स्वरानेही बदलले नव्हते. आपण दोन्ही तुलना टाळून तो 'ठीक' म्हणत आहात, त्यामुळे आपल्याशी वाद घालणे मला कठीण जाते. तरी माझे मत विचारलेच तर, दहापैकी चार गाणी उत्तम आहेत, दोन सरधोपट आहेत आणि बाकीची वेगाच्या आधारावर उभी आहेत.

प्रश्न : अल्बम एकदाही ऐकलेला नाही. सुरुवात कोणत्या गाण्याने करावी?

उत्तर : 'फुलमून'ने. ते हळुवार सुरू होते, त्यामुळे वेग येण्याआधी चाल कानात बसायला वेळ मिळतो. त्यानंतर 'रेप्लिका' ऐकावे. या दोन्हींतले एकही आवडले नाही, तर उरलेली आठ गाणी ऐकली नाहीत तरी चालेल.